मोकळी जमीन आणि गैरहजर हक्कदार

नांदेड असो वा लातूर, वाढत्या वस्तीच्या मधोमध एखादे मोकळे मैदान दिसले की पाहणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हाच, की ही जागा अजून रिकामी कशी राहिली? त्या प्रश्नात कुतूहलापेक्षा अस्वस्थता अधिक असते. वर्षातून दोनदा भरणारे ईदगाहचे मैदान, कब्रस्तानाचा अद्याप न वापरलेला भाग, गावाबाहेरचे गायरान, ओढ्याकाठची पट्टी, एखाद्या दर्ग्याभोवतालची लिंबा-चिंचेची झाडे, या साऱ्यांकडे आपण काहीतरी करायचे राहून गेलेली जागा म्हणून पाहतो. जिच्यावर भिंत नाही, जिचे भाडे येत नाही आणि जिच्यात पीक नाही, ती जमीन वाया चालली आहे, असे आपल्याला प्रामाणिकपणे वाटते.

हे वाटणे बरोबर आहे काय? जमीन मोकळी ठेवणे म्हणजे अल्लाहच्या देणगीची नासाडी आहे, की तीही एक अमानत आहे? अमानत असेल तर ती कोणाची, आणि तिचे राखणदार कोण? हा प्रश्न वरवर पाहता महसूल खात्याचा आणि नगररचनेचा वाटतो. परंतु ज्याला एक दिवस प्रत्येक देणगीचा हिशेब द्यायचा आहे, त्या माणसासाठी तो प्रथम ईमानचा प्रश्न आहे आणि मग कागदपत्रांचा.

दोन शिकवणी, एक कसोटी

या बाबतीत इस्लामची शिकवण पाहू लागलो की प्रथमदर्शनी दोन परस्परविरोधी गोष्टी हाती लागतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मृत, ओसाड जमीन जिवंत करणाऱ्याला त्या जमिनीवर हक्क दिला. जमीन कसणे, पाणी आणणे, झाड लावणे ही सत्कर्मे ठरविली. ज्या झाडाचे फळ माणूस, पक्षी वा जनावर खाईल ते लावणाऱ्याच्या नावे सदका म्हणून लिहिले जाते, असे शिकविले. हजरत बिलाल बिन हारिस मुजनी (रजि.) यांना प्रेषितांनी अकीक खोऱ्यातील विस्तीर्ण जमीन दिली होती. पुढे हजरत उमर (रजि.) यांनी आपल्या खिलाफतीत पाहिले की त्यांच्याने ती सारी कसणे होत नाही. तेव्हा जेवढी त्यांना सांभाळता येईल तेवढी त्यांच्याकडे ठेवून उरलेली त्यांनी इतरांत वाटून दिली. नुसती अडवून धरलेली जमीन इस्लामला मान्य नाही, हे यावरून स्पष्ट होते.

दुसरीकडे त्याच प्रेषितांनी मदीनेभोवतीचा प्रदेश हरम घोषित केला. तेथील झाड तोडण्यास आणि शिकार करण्यास मनाई केली. नकीअ नावाचे कुरण त्यांनी सार्वजनिक कामाच्या घोड्यांसाठी राखून ठेवले. अशा राखीव कुरणाला अरबी भाषेत 'हिमा' म्हणतात. म्हणजे एका ठिकाणी जमीन पडून राहू नये म्हणून ती काढून घेतली जाते, तर दुसऱ्या ठिकाणी तिच्यावर कोणी काही करू नये म्हणून पहारा बसविला जातो.

या दोहोंतील विरोध केवळ वरवरचा आहे. हिमा ही मुळात इस्लामपूर्व काळातील चाल होती. प्रबळ टोळीप्रमुख एखाद्या उंचवट्यावर कुत्रे भुंकवीत आणि त्याचा आवाज जेथवर पोहोचेल तेथवरचे कुरण आपल्या जनावरांसाठी राखून घेत, असे इमाम शाफई यांनी नमूद केले आहे. प्रेषितांनी ही चाल मोडली आणि सांगितले की हिमा केवळ अल्लाह आणि त्याच्या प्रेषिताची. म्हणजेच कोणा धनदांडग्याची नव्हे, तर सर्व समाजाच्या हितासाठी. अशा रीतीने शब्द जुनाच राहिला, पण त्यामागील हेतू पूर्णपणे पालटला. तेव्हा कसोटी ही, की जमीन मोकळी आहे ती कोणासाठी? एकट्याच्या लोभापायी अडवून धरलेली जमीन आणि सर्वांसाठी राखलेली जमीन लांबून सारखीच दिसते. दोन्हींवर गवतच असते. फरक असतो तो राखणाऱ्याच्या नियतीत आणि त्या गवतावर कोणाचे जनावर चरते त्यात.

आधी कोणाला?

हजरत उमर (रजि.) यांनी एका राखीव कुरणावर हुनै नावाच्या आपल्या सेवकाची नेमणूक केली. त्या वेळी त्यांनी त्याला दिलेल्या सूचना सहीह बुखारीत आल्या आहेत आणि त्या प्रत्येक विश्वस्ताने मनावर कोरून ठेवाव्यात अशा आहेत. त्यांचा आशय असा : मुस्लिमांशी नरमाईने वाग आणि पीडिताच्या हाकेला भी. ज्याच्याकडे मोजके उंट आणि मोजक्या शेळ्या-मेंढ्या आहेत त्याला आत येऊ दे. मात्र अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान यांच्या कळपांपासून सावध राहा. कारण त्यांची जनावरे मेली तरी त्यांना खजुरीच्या बागा आणि शेती आहे, पण गरिबाची जनावरे मेली तर तो मुलाबाळांना घेऊन माझ्या दारी येईल.

ही दोन्ही नावे सामान्य माणसांची नव्हेत. दोघेही प्रेषितांचे निकटचे सहकारी, दोघेही दानशूर आणि दोघेही जन्नतची शुभवार्ता मिळालेले. उमर (रजि.) यांना त्यांच्या सचोटीविषयी तिळमात्र शंका नव्हती. परंतु सामायिक जमिनीचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी माणसाची थोरवी पाहिली नाही, गरज पाहिली. लोकांना कुरण बंद केल्याचे दुःख होते, हेही त्यांनी त्याच प्रसंगी मान्य केले. ही भूमी त्यांचीच आहे, तिच्यासाठी ते लढले आहेत, आणि सार्वजनिक कामाच्या जनावरांची निकड नसती तर आपण वीतभर जमीनही राखीव केली नसती, असे त्यांनी बोलून दाखविले. खरा राखणदार असा असतो. जमीन आपल्या बापजाद्यांची असल्यासारखा तो वागत नाही आणि दुसऱ्याचा हक्क आपण अडविला आहे, याचे भान त्याला सुटत नाही.

जे हजर नाहीत त्यांचा हक्क

गरिबाच्याही पलीकडे हक्कदारांचा आणखी एक वर्ग आहे. तो दारी येऊन हाकही मारू शकत नाही. हजरत उमर (रजि.) यांच्या काळात इराकची सुपीक जमीन मुस्लिमांच्या हाती आली, तेव्हा ती सैनिकांत वाटून द्यावी असा मोठ्या सहाबांचाही आग्रह होता. उमर (रजि.) यांनी तो मानला नाही. कित्येक दिवस विचारविनिमय चालला. अखेर त्यांनी सूरह हश्रमधील आयतींचा आधार घेतला. तेथे मुहाजिर आणि अन्सार यांच्यानंतर, त्यांच्या मागून येणाऱ्यांचाही उल्लेख आहे. आज सारी जमीन वाटून टाकली तर उद्या जन्माला येणाऱ्यांच्या वाट्याला काय उरेल, हा त्यांचा प्रश्न होता. त्या बैठकीत न जन्मलेल्यांची बाजू मांडणारे कोणी नव्हते. ती खलीफांनी मांडली.

मोकळ्या जमिनीचे खरे हक्कदार बहुधा असेच गैरहजर असतात. मुक्या जनावराला सातबारा वाचता येत नाही. आणि सूरह अन्आम सांगते की जमिनीवर चालणारे आणि पंखांनी उडणारे जीवही तुमच्यासारखेच समुदाय आहेत. मृत व्यक्ती आपल्या कबरीवरील अतिक्रमणाविरुद्ध अर्ज करू शकत नाही. जमिनीत मुरणारे पाणी कोणाच्या दारी तक्रार घेऊन जात नाही. ते फक्त एका उन्हाळ्यात येईनासे होते.

आणि कधी कधी हे गैरहजर हक्कदार एकाच रात्री हजर होतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे औसा तालुक्यातील किल्लारी आणि परिसरातील गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली. जाड दगडी भिंतींची घरे माणसांवर कोसळली आणि वाचलेल्यांना मोकळ्या आभाळाखालीच पहिला आसरा मिळाला. २०२० आणि २०२१ मधील साथीच्या दिवसांत अनेक शहरांत कब्रस्ताने अपुरी पडली. पूर्वी ज्या कोपऱ्याला रिकामा म्हटले जात होते, त्याचे मोल तेव्हा कळले. मोकळी जागा ज्याच्यासाठी राखायची तो माणूस पुष्कळदा अजून आलेला नसतो. तो आल्यावर जागा शोधायला निघणे फार उशिराचे असते.

ना मालक, ना नोकर

अशा गैरहजरांच्या वतीने जमीन धरून ठेवण्याची व्यवस्था इस्लामने वक्फच्या रूपाने दिली. हजरत उमर (रजि.) यांना खैबरमध्ये जमीन मिळाली. आपल्याकडे याहून मोलाची मालमत्ता नाही, तिचे काय करावे, असे त्यांनी प्रेषितांना विचारले. मूळ जमीन बांधून ठेवावी आणि तिचे उत्पन्न दान करावे, असा सल्ला मिळाला. त्याप्रमाणे ती जमीन विकता येणार नाही, कोणाला बक्षीस देता येणार नाही, तिचा वारसाही होणार नाही, असे ठरले. उत्पन्न गरजू, नातलग, गुलामांची मुक्ती, अल्लाहचा मार्ग, प्रवासी आणि पाहुणे यांच्यासाठी. जो तिची देखभाल करील त्याने रीतीप्रमाणे त्यातून खावे, पण धन साठवू नये.

या शेवटच्या अटीवर क्षणभर थांबावे. देखभाल करणारा मालक नाही, म्हणून त्याला विकता येत नाही. तो केवळ पगारी नोकरही नाही, कारण कामाचे तास संपले म्हणून त्याची जबाबदारी संपत नाही. तो अमीन आहे. पोटापुरते घेण्यास त्याला मुभा आहे. मात्र त्या जमिनीच्या बळावर त्याच्या घराचे मजले वाढू लागले तर अमानतीला कीड लागली, असे समजावे.

जगाला ही कल्पना पुढे वेगळ्या वाटेने गवसली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १८९१ साली सुंदर आणि मोकळ्या जागा लोकांसाठी कायमच्या राखून ठेवणारी विश्वस्त संस्था स्थापन झाली. इंग्लंडमध्ये १८९५ साली नॅशनल ट्रस्ट उभा राहिला. आज अमेरिकेत अशी शेकडो स्थानिक मंडळे आहेत आणि त्यांतील पुष्कळ मंडळे निव्वळ बिनपगारी स्वयंसेवकांच्या श्रमावर चालतात. गावातील शिक्षक, शेतकरी, निवृत्त कर्मचारी सुटीच्या दिवशी जमून कुंपण दुरुस्त करतात, सीमा तपासतात, पायवाट साफ करतात. ज्या उम्मतला चौदा शतकांपूर्वी ही व्यवस्था मिळाली, तिच्या राखीव जमिनीची आज अशी दर सुटीला कोण विचारपूस करतो, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

मराठवाड्यातील अमानत

मराठवाड्यात हा प्रश्न विशेष तीव्र आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. मशीद, दर्गा, आशूरखाना, कब्रस्तान यांच्या सेवेसाठी तेथे इनाम जमिनी दिल्या जात. सेवेच्या अटीवर दिलेल्या या जमिनींना मशरूत-उल-खिदमत म्हणत. सामान्य बोलीत खिदमतमाश. अट नावातच होती : सेवा आहे तोवर जमीन. इमाम, मुअज्जिन वा मुजावर यांच्या कुटुंबाने ती कसावी, त्यातून पोट भरावे आणि इबादतगाहचा दिवा तेवत ठेवावा, हा हेतू होता. पुढच्या पिढ्यांत अनेक ठिकाणी सेवा सुटली आणि जमीन मात्र हातात राहिली. कोठे ती वारसांत वाटली गेली, कोठे परस्पर विकली गेली, कोठे तिच्यावर भूखंड पडले. हे सारे बाहेरच्यांनीच केले, असे म्हणून आपली सुटका होणार नाही. ज्या हातांवर विश्वास होता त्यांतील काही हात आपलेच होते.

कायद्याने आपले काम काही अंशी केले आहे. १९९५ च्या वक्फ कायद्यात २०१३ साली सुधारणा होऊन वक्फ मालमत्तेची विक्री, बक्षीस, अदलाबदल आणि गहाण यांना मनाई झाली. २०२५ च्या सुधारणेने मात्र दस्त नसताना केवळ दीर्घकाळच्या वापरावरून पुढे एखादी जागा वक्फ ठरण्याची वाट बंद केली. त्या सुधारणेविषयी समाजात तीव्र मतभेद आणि चिंता आहे. परंतु तिने एक गोष्ट निर्विवाद केली आहे, की ज्याच्याजवळ नोंद नाही त्याची अमानत धोक्यात आहे.

गायरानाची कथा याहून फार वेगळी नाही. गायरान सर्व गावाचे, म्हणून त्याची काळजी कोणालाच नाही, अशी स्थिती आली. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पंजाबमधील एका गावतळ्याच्या प्रकरणात देशभरातील सामायिक गावजमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्यासाठी राज्यांनी योजना आखावी, असा आदेश दिला. मात्र भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या अधिसूचनेनुसार दिलेले पट्टे, तसेच जेथे आधीच शाळा वा दवाखाना उभा आहे अशा जागा, यांचा अपवाद म्हणून विचार होऊ शकतो, असेही त्यात नमूद केले.

हा अपवाद मराठवाड्याला चांगला समजतो. येथील अनेक गायरानांवर भूमिहीन दलित कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या कष्ट करीत आली आहेत. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पुढे महाराष्ट्र शासनाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय १९९१ साली घेतला. तेव्हा मोकळी जमीन वाचवायची म्हणून या कुटुंबांना हुसकून लावणे न्यायाचे होईल काय? हजरत उमर (रजि.) यांच्या सूचना येथे अक्षरशः लागू पडतात. ज्याचे पोट त्या तुकड्यावर आहे तो मोजक्या शेळ्यांचा धनी आहे. त्याला आत येऊ दिले पाहिजे, किंवा दुसरा आधार देईपर्यंत उठविता कामा नये. ज्याला बागा, बंगले आणि दुकाने आहेत आणि तरी गायरानाचा कोपरा हवा आहे, त्याचा कळप दारातच अडविला पाहिजे. व्यवहारात बहुधा याच्या उलट घडते. झोपडी आधी हटते. बहुमजली इमारत मात्र दंड भरून उभी राहते.

चांगल्या कामाचे अतिक्रमण

आता सर्वांत अवघड प्रश्नाकडे येऊ. लोभाने केलेले अतिक्रमण ओळखणे सोपे असते. परंतु अतिक्रमण सत्कर्माच्या वेषात आले तर? कब्रस्तानाच्या दर्शनी भागात दुकाने काढावीत, त्यांच्या भाड्यातून मदरसा चालवावा. ईदगाहच्या मैदानात शादीखाना बांधावा, गरिबांच्या मुलींची लग्ने होतील. दर्ग्याची झाडे काढून शाळा उभारावी. सुचविणारे लोक निष्ठावान असतात, गरज खरी असते आणि विरोध करणारा समाजाच्या प्रगतीच्या आड येणारा ठरतो.

या प्रस्तावांचे सामर्थ्य नाकारण्यात अर्थ नाही. शिक्षणाची गरज आहे, दवाखान्याची गरज आहे. ज्या वक्फ जमिनीचा हेतूच उत्पन्न हा आहे, तेथे बांधकाम करून उत्पन्न वाढविणे हे कर्तव्यच होय. उत्पन्नासाठी दिलेली जमीन पडीक ठेवणारा मुतवल्लीही अमानतीत कसूर करतो. परंतु जी जमीन दफनासाठी, नमाजसाठी, चराईसाठी वा सावलीसाठी मोकळीच ठेवण्याकरिता दिली गेली, तिच्याबाबत फुकहांनी घालून दिलेला नियम स्पष्ट आहे : वाकिफने घातलेली अट शरीअतच्या वचनाइतकी पाळली जावी. दान देणारा मरण पावला आहे. त्याची अट बदलण्याचा अधिकार त्याने कोणाला दिलेला नाही.

याहून मोठा दाखला खुद्द मस्जिद-ए-नबवीचा आहे. प्रेषित (स.) हिजरत करून मदीनेत आले. जेथे मशीद बांधायची होती ती जागा खजूर वाळविण्याचे एक मोकळे खळे होते आणि ती सहल व सुहैल या दोन अनाथ मुलांची होती. ती विनामूल्य देण्याची तयारी दर्शविण्यात आली. प्रेषितांनी तसे स्वीकारले नाही. मोल देऊनच जागा घेतली. याहून पवित्र बांधकाम कोणते असू शकते? याहून निष्कलंक हेतू कोणाचा असू शकतो? तरीही अनाथांच्या मोकळ्या अंगणावर त्या हेतूने फुकट पाय ठेवला नाही. मग आपल्या शादीखान्याची आणि व्यापारी संकुलाची काय कथा?

जे बोलू शकत नाहीत, वयात आलेले नाहीत वा अद्याप जन्मलेले नाहीत, ते सर्व सहल-सुहैलच होत. त्यांच्या जागेवर सत्कर्म उभारायचे असेल तर आधी त्यांचे मोल चुकविले पाहिजे, म्हणजे तेवढीच, तितकीच उपयोगी मोकळी जागा त्यांना दुसरीकडे दिली पाहिजे. ती देता येत नसेल तर ते सत्कर्म आपण आपल्या खिशातून, आपल्या जमिनीवर करावे. दुसऱ्याच्या हक्कातून केलेले दान आपल्या नावे लिहिले जात नाही. वीतभर जमीन अन्यायाने घेणाऱ्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात जमिनींचा फास पडेल, असा इशारा हदीसमध्ये आहे. आणि त्या इशाऱ्यात शाळेसाठी घेतलेली वीत वगळलेली नाही.

राखणारे हात

कायदा अमानत लिहून ठेवतो, पण तिची राखण माणसेच करतात. लातूरने हे अनुभवले आहे. एप्रिल २०१६ मध्ये या शहराला मिरजहून रेल्वेने पाणी आणावे लागले. एका मोठ्या शहराची तहान आगगाडीच्या टाक्यांवर अवलंबून राहिली, ही गोष्ट केवळ कमी पावसाची नव्हती. ज्या माळावर, ओढ्यात आणि नदीच्या पात्रात पाणी मुरायचे, त्या जागांची वर्षानुवर्षे झालेली उपेक्षाही त्यामागे होती. त्याच संकटात लातूरचे नागरिक 'जलयुक्त लातूर' या नावाने एकत्र आले आणि लोकवर्गणीतून मांजरा नदीचे गाळाने भरलेले पात्र खोल व रुंद करण्याचे काम त्यांनी केले. पुढे 'ग्रीन लातूर वृक्ष टीम'चे स्वयंसेवक शहरातील रस्त्यांच्या कडेला आणि मोकळ्या जागांत झाडे लावून ती जगवू लागले. शेजारच्या बीडजवळ पालवणच्या उजाड माळावर 'सह्याद्री देवराई'च्या कार्यकर्त्यांनी वनखात्याच्या जमिनीवर झाडी उभी केली, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तेथे वृक्षसंमेलनही भरविले.

या कामांत सर्व धर्मांचे लोक आहेत. देवराईच्या जुन्या परंपरेमागील श्रद्धा आपली नाही. आपण झाडाला पवित्र मानून नव्हे, तर अल्लाहची निर्मिती आणि आपली जबाबदारी म्हणून राखतो. परंतु सूरह माइदा आपल्याला नेकी आणि ईशभयाच्या कामात परस्परांना साहाय्य करण्याची आज्ञा देते. पाणी, गवत आणि अग्नी यांत लोक भागीदार आहेत, ही प्रेषितांची शिकवण आहे. मांजरेचे पाणी सर्वांच्याच घागरीत जाते. अशा कामात मुस्लिम वस्त्यांतील तरुणांचे हात कमी दिसावेत, हे आपल्याला शोभणारे नाही.

आणि आपल्या ताब्यातील जागांचे काय? येथे सुरुवात करण्यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहण्याची गरज नाही. प्रत्येक गावाच्या आणि मोहल्ल्याच्या जमातने पाच-सात विश्वासू माणसे निवडावीत. त्यांत एखादा वकील, एखादा शिक्षक, एखादा शेतकरी आणि दोन तरुण असावेत. त्यांनी आपल्या भागातील कब्रस्तान, ईदगाह आणि इनाम जमिनींचे सातबारा व फेरफार काढावेत, वक्फ मंडळाकडील नोंदीशी ताडून पाहावेत, भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीचे दगड रोवून घ्यावेत. दरवर्षी एका ठरलेल्या दिवशी सर्वांनी मिळून त्या हद्दीवरून चालून यावे. ज्या सीमेवरून माणसे चालत राहतात तेथे भिंत एका रात्रीत उभी राहत नाही. हद्दीलगत लिंब, चिंच, जांभूळ, वड अशी येथील मातीत टिकणारी झाडे लावावीत. झाडांची रांग ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दयाळू भिंत होय. जमाखर्च मशिदीच्या फलकावर लावावा. आणि या मंडळातील कोणीही त्या जमिनीचा भाडेकरू असू नये, हा नियम पहिल्याच बैठकीत लिहून ठेवावा.

या कामाला पगार नाही. त्यात उद्घाटन नाही, कोनशिलेवर नाव नाही. इमारत बांधणाऱ्याला दाखविण्यासाठी इमारत असते. मोकळी जागा राखणाऱ्याला दाखविण्यासारखे काहीच नसते. तीस वर्षे झटूनही तेथे काही झालेले दिसत नाही, आणि काही झालेले न दिसणे हेच त्याचे यश असते. कदाचित म्हणूनच या सेवेत दिखाऊपणाला वाव कमी आणि इखलासला अधिक आहे. कयामत येऊन ठेपली आणि हातात रोपटे असेल, तर शक्य झाल्यास तेही लावून टाकावे, अशी शिकवण प्रेषितांनी दिली. त्या रोपट्याची सावली लावणाऱ्याला मिळणार नाही, हे उघड आहे. तरीही लावायचे, कारण हिशेब सावलीचा नाही, अमानतीचा आहे.

यापुढे मोकळे मैदान दिसले की ते रिकामे का, असे विचारण्याआधी आपण एवढेच पाहावे, की येथे कोणाची जागा राखलेली आहे. त्यांतील काही जण आपल्याआधी येऊन गेले आहेत आणि काही अजून यायचे आहेत. त्या सर्वांच्या वतीने आज आपण उभे आहोत. अल्लाह आपल्याला ही अमानत तिच्या हक्कदारांपर्यंत जशीच्या तशी पोहोचविण्याची सद्बुद्धी आणि सामर्थ्य देवो. आमीन.